नवरा-बायको असल्याचा पुरावा

घोडपदेव, रविवार

तीर्थस्वरूप रघुदादास,

चिंतूचा गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार (त्याखाली पोट जाऊ देत नाही). तुझा दमा कसा आहे? वहिनींची कोकमं वाळली का? आम्ही मजेत. म्हणजे मृणालिनीचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालूच आहे, बाकी मजेत.

तर बातमी अशी की माझी किडनी हिला जुळत नाही (अठ्ठावीस वर्षांत आमचं काय जुळलंय म्हणा!). पण गिरगावात हितेंद्रराव म्हणून एक आजारी गृहस्थ आहेत. त्यांची बायको प्राचीताई, त्यांची किडनी नवऱ्याला जुळत नाही, आमच्या हिला जुळते. आणि माझी हितेंद्ररावांना. डॉक्टरांनी अदलाबदल ठरवली, चौघांची ऑपरेशनं एकाच सकाळी. तेव्हापासून दादा, मी गॅलरीत पडून नुसती स्वप्नं बघतोय. जन्मभर चाळीत राहिलेला माझा एक तुकडा आता गिरगावकर होणार, संध्याकाळी चौपाटीवर हवा खाणार! हितेंद्रराव मात्र पडले शाकाहारी. कुठून सुरमई तळल्याचा वास आला, तर माझी किडनी आतल्या आत हळहळेल का रे बिचारी? असा विचार करता करता गॅसवरचं दूध उतू जातं आणि ही ओरडते.

परवा परवानगीसाठी कमिटीपुढे गेलो. आपण खरेच नवरा-बायको, कुणी भाड्याने आणलेलं नाही, हे तिथे पटवावं लागतं. त्यांनी लग्नाचे फोटो मागितले. (फोटो तूच काढले होतेस, आठवतंय? अख्ख्या अल्बममध्ये आम्ही दोघं एकत्र कुठेच नाही, पंगती मात्र अकरा.) कमिटीच्या साहेबांना संशय आला. म्हणाले, लग्नात काय घडलं ते सांगा. मी म्हटलं, हिचे मामा रुसले. ही म्हणाली, मामा नव्हे, तुमची आत्या रुसली, जिलबी गार होती म्हणून. मी म्हटलं, जिलबी कुठली, बुंदी होती! झालं, जी जुंपली आमची! शेवटी साहेबांनीच हात जोडले आणि खात्री पटली म्हणत सही केली. बाहेर आल्यावर हिनं भर रस्त्यात माझा हात धरला. घरापर्यंत कसा आलो, देव जाणे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
चिंतू

ता. क. दादा, एवढी बडबड केली ती धीर यावा म्हणून. मला भयंकर भीती वाटते रे. हर्नियाच्या वेळी वॉर्डातून पळालो होतो, तूच बखोटीला धरून परत नेलंस. आता पळालो तर ही जगायची नाही. गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे, तू ये आणि हॉस्पिटलात माझ्या खोलीच्या दारात बस. हिला कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. (मृणालिनीच्या हातचा) दादा, पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडेच दिलं. हे पळायचे नाहीत, मी ओळखते यांना. माझ्यापायी यांना चिरणार म्हटल्यावर पळून जावंसं वाटतंय ते मला. तुम्ही माझ्या दारात बसा.