नऊ नंबरचा पाना

रविवार, १७ जानेवारी १९५४

नऊ नंबरचा पाना नाही!

गॅरेजच्या भिंतीवरील फळीवर बारा पान्यांच्या बारा आकृत्या मी स्वतः पांढऱ्या रंगाने रेखाटल्या आहेत. पाना उचलला की त्याची रिकामी जागा डोळ्यांत भरावी म्हणून. आज अकरा भरलेल्या, एक रिकामी. डायनॅमोचा पट्टा सैल झाला आहे, तो आवळावयास घेतला होता. त्याच्या खालच्या नटापर्यंत फक्त नऊ नंबरचा पाना पोहोचतो. सकाळी तो मीच फळीवरून काढला. दुपारी नाही. म्हणजे तो कोणीतरी नेला.

लोटनला विचारले. हा आमच्या कोर्टाचा पट्टेवाला. रविवारी गाडी पुसावयास येतो. पन्नाशी उलटलेली, बोलणे कमी. त्याने सदऱ्याचा खिसा उलटा केला, मग धोतराची कनवट सोडून झटकून दाखविली. मी म्हटले, हा संशय नव्हे, चौकशी आहे. बारा वर्षे मॅजिस्ट्रेट असलेल्या मनुष्यास ह्यातील फरक ठाऊक असतो. लोटनला तो पटल्याचे दिसले नाही.

सौ. म्हणाली, गाडीतच असेल कुठेतरी. पुरावा काय, विचारले. हसली.

सोमवार, १८ जानेवारी

मी पाना जेथे जेथे ठेवतो त्या सर्व जागा पाहिल्या. नाही.

रविवार, २४ जानेवारी

बाजारातून नवा पाना आणला. पहिल्याच झटक्यास निसटला. नटाच्या कडा गोल झाल्या आणि माझी दोन बोटे सोलून निघाली. जळगावात मिस्त्री नाहीत असे नाही. परंतु ‘जरासे’ हे त्यांचे सर्वांत सूक्ष्म माप आहे, म्हणून गाडी मी त्यांच्या हाती देत नाही.

माझी पेटी विलायती. ऑगस्ट सत्तेचाळीसमध्ये, धुळ्यास असताना, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून गाडी घेतली. हत्यारांची पेटी त्याने तिच्याबरोबर तशीच दिली. बारा पाने, प्रत्येकास त्याने स्वतःच्या हाताने काळा रंग दिलेला. केवढी ही निगा! आपल्या लोकांना हत्यार वापरता येते, सांभाळता येत नाही. त्या काळ्यावर मी ओळखीसाठी लाल रंग चढविला. पावती मागितली नाही. सभ्य गृहस्थांमध्ये पावती मागावयाची नसते.

बुधवार, २७ जानेवारी

नवा खटला उभा राहिला. आणि तो पान्याचाच!

आरोपी जीवराम, राहणार पिंप्राळे. एका सरकारी मोटार-दुरुस्ती कारखान्यात फिटर. रविवारी घरी, कडुनिंबाखाली, व्यापाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करतो. घराची झडती झाली तेव्हा एक पाना मिळाला. वर हिरवा रंग. तो खरवडला तर खाली बाणाची खूण, सरकारी मालावर ठोकतात ती. कारखान्यातील ह्याच मापाचा एक पाना नाहीसा आहे. झाले! जीवराम नोव्हेंबरपासून कामावरून दूर आहे. शिक्षा झाली तर नोकरी कायमची गेली, तुरुंग वेगळा.

मुद्देमाल टेबलावर ठेवला. नेमका माझ्या नऊ नंबरच्या मापाचा! तपासण्यासाठी हातात घेतला. तोल उत्तम. अंगठा टेकतो त्या ठिकाणी दांडा झिजून उथळ खळगा पडला आहे; माझा अंगठा त्यात आपोआप जाऊन बसला. क्षणभर डायनॅमोचा नट डोळ्यांपुढे आला. पाना खाली ठेवला.

असे हत्यार चोरावेसे वाटणे मी समजू शकतो — आणि हीच गोष्ट आरोपीच्या विरुद्ध जाते.

रविवार, ३१ जानेवारी

पट्टा सैलच. इंजिन सुरू केले की किंचाळतो. बॅटरी चढत नाही. आठवडाभर कोर्टात पायी गेलो. शुक्रवारी कापसाचे व्यापारी प्रेमचंद शेठ ह्यांची गाडी मागून येऊन कडेने निघून गेली. ती पुढे गेल्यावर मला कळले. इतकी गाडी शांत चालू शकते! कोण पाहतो त्यांची, हे विचारणार होतो. शेठ जीवरामच्या खटल्यात साक्षीदार आहेत हे वेळीच आठवले.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

आरोपीचा जबाब. उंच, हाडकुळा; नखांत काळे तेल. कोर्टात येतानाही हात नीट धुऊ नयेत!

त्याचे म्हणणे असे: लढाई संपल्यावर डिस्पोजलचा लष्करी माल भुसावळच्या बाजारात ढिगांनी विकावयास आला, त्यातून त्याने हा पाना वजनावर घेतला. पावती विचारली. “पावती बठ्ठा ढीगनी एकच व्हती, साहेब.” म्हणजे सबंध ढिगाची ती एकच पावती ढीग विकणाऱ्याजवळ. आणि ढीग विकणारा वारला. सोयीस्कर!

मग हिरवा रंग कशासाठी, हा सरकारी वकिलांचा प्रश्न चांगला होता. जीवरामने उत्तर त्यांना दिले नाही, मला दिले.

“रंग नही दिधा ते लोके लई जातस, साहेब. परत देतस नही.”

मागच्या बाकांवर हशा. मी तो थांबविला.

बचावाचे साक्षीदार एकटे प्रेमचंद शेठ. हा हिरवा पाना मी सहा वर्षे ह्याच्या हातात पाहतो आहे, असे त्यांनी शपथेवर सांगितले. खरे, पण शेठजींची गाडी जीवरामच्या हातची आहे, आणि गाडी ज्याच्या हाती त्याच्याविरुद्ध कोण बोलेल? पिंजऱ्यातून उतरताना त्यांनी अदबीने विचारले, “साहब, आपली गाडी कोण पाहते?” कोर्टात उत्तरे देणे हे माझे काम नव्हे.

रविवार, ७ फेब्रुवारी

निकालपत्राचा मसुदा पूर्ण. सोमवारी, ता. १५ रोजी वाचावयाचा. दोन वाक्ये विशेष साधली आहेत. एक: ‘सचोटीचा मनुष्य पावती मागतो.’ दुसरे: ‘जो खूण रंगाखाली दडवितो, तो ती खूण कशाची आहे हे जाणतो.’

दुसरे सौ.ला वाचून दाखविले. ती भरताची वांगी भाजत होती. मान न वळविता म्हणाली, तुमच्या पान्यांनाही रंग आहे की. समजावून सांगितले: मी रंग देतो तो वस्तू ओळखता यावी म्हणून, त्याने दिला तो ओळखता येऊ नये म्हणून.

“त्यानंही तेच सांगितलं ना, ओळखता यावी म्हणून?”

हा युक्तिवाद होत नाही, असे तिला सांगितले. भरीत उत्तम झाले होते. शिक्षा: तीन महिने सक्तमजुरी.

शनिवार, १३ फेब्रुवारी

पाना सापडला!

इंजिनाखाली तेल झेलणारा जो पत्रा असतो, त्यातील राडीत तो रुतून बसला होता. लोटन ह्या खेपेस शनिवारीच आला होता आणि गाडीखाली पालथा-उताणा होऊन पत्रा पुसत होता. आधी त्याचा हात बाहेर आला, हातात पाना. मग तोंड. म्हणाला, “घ्या साहेब. माझ्या कनवटीत मावलाही नसता.”

म्हणजे त्या दिवशी मी तो इंजिनावर ठेवला आणि तो घसरून खाली गेला. ह्यात दोष असलाच तर इंजिनाच्या उताराचा आहे. लोटनला चहा देवविला. दुसरेही काही बोलावे असे वाटले. शब्द नीट जुळले नाहीत, म्हणून दुसरा कप देवविला.

चार आठवडे तेलात मुरून पाना हातात धरवेना. सौ. म्हणाली, सोड्याच्या कढत पाण्यात टाकते, उद्या घासून देते.

रविवार, १४ फेब्रुवारी

सौ.ने पाना खरोखरच लखलखीत केला. इतका की माझा लाल रंग गेला, त्याखालचा काळाही गेला. मी रागावणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “इतकं घासलं, पण तो बाण काही जाईना.”

बाण.

खिडकीशी नेऊन पाहिला. भिंग घेऊन पाहिला. मुद्देमालावर आहे तोच. तीन रेघांचा, टोक वर.

फळीवरचे बाकीचे अकरा उतरविले आणि ब्लेडने खरवडले. सहांवर बाण. एकूण सात.

त्या इंग्रज साहेबाने काळा रंग निगेसाठी दिला नव्हता.

वही घेतली आणि माझाच जबाब लिहून पाहिला. पाने कोठून आले? एका गृहस्थाने दिले. पावती? नाही. तो गृहस्थ कोठे आहे? विलायतेस, पत्ता ठाऊक नाही. रंग कशासाठी दिला? ओळखण्यासाठी. साक्षीदार? कोणी नाही. जीवरामजवळ निदान प्रेमचंद शेठ होते.

ह्या जबाबावर मी मला सोडले नसते.

खटला दुसऱ्या कोर्टाकडे पाठवावा, तर कारण लिहावे लागेल. कारण लिहावे, तर फळी दाखवावी लागेल. आणि पिंप्राळ्याच्या फिटरच्या घरी मिळाली ती चोरी आणि मॅजिस्ट्रेटच्या घरी मिळाली ती काय, ह्याचे उत्तर मलाच द्यावे लागेल. मसुदा टेबलावर आहे. साधलेली दोन वाक्ये पुन्हा वाचली. अजूनही उत्तम आहेत. त्यांत असत्य काही नाही. मनुष्य तेवढा चुकला आहे.

सोमवार, १५ फेब्रुवारी

पहाटे उठून निकाल नव्याने लिहिला. अकरा वाजता वाचला. जीवराम निर्दोष.

कारण असे: बाण एवढेच सांगतो की पाना एकेकाळी सरकारचा होता, सरकारकडून तो केव्हा आणि कसा गेला हे बाण सांगत नाही. प्रेमचंद शेठ सहा वर्षांचे सांगतात, आणि कारखान्याच्या नोंदवहीत पाना नाहीसा झाल्याची तारीखच नाही. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून कागदावर होती. मी ती आज पहाटे प्रथम वाचली. बांधणीच्या दृष्टीने हा निकाल पहिल्यापेक्षा सरस आहे. माझ्या फळीचा त्यात उल्लेख नाही.

मुद्देमाल सरकारजमा केला, कारण आरोपीची मालकीही सिद्ध झालेली नाही. काटेकोरपणा हवा.

त्याची बायको बेबाबाई दाराशी पदराने डोळे पुसत होती. जीवराम मात्र पिंजऱ्यातून हलला नाही. त्याला वाटले, निकालाचा काही भाग राहिला आहे.

“साहेब, मना पाना?”

आदेश झाला आहे, असे सांगितले आणि पुढचा खटला पुकारावयास लावला. पुकारा लोटनने केला. माझ्याकडे न पाहता.

बुधवार, १७ फेब्रुवारी

लोटनने न विचारता सांगितले. कारखाना जीवरामला पहिल्या तारखेपासून परत घेतो आहे. परंतु कडुनिंबाखालचे काम बंद. प्रेमचंद शेठची गाडी विटांवर उभी आहे. मी म्हटले, बाजारात नवा पाना मिळतो की. म्हणताना सोललेली बोटे कोटाच्या खिशात घातली. लोटन म्हणाला, मीही त्याला तेच सांगितले, तर म्हणतो, पाना मिळेल हो, पण “हात नवा करना पडी.”

दिवसभर हे वाक्य डोक्यातून गेले नाही. माझ्या दोन वाक्यांपेक्षा बरे आहे.

मालकी सिद्ध झाली नाही म्हणून त्याचा पाना जमा झाला. माझी कोठे सिद्ध झाली आहे? भिंतीवर पान्याची आकृती काढली, एवढाच माझा पुरावा. जीवरामच्या पान्याच्या दांड्यावर निदान अंगठ्याचा खळगा होता.

रविवार, २१ फेब्रुवारी

सकाळी नऊ नंबरने डायनॅमोचा नट आवळला. कडा गोल झाल्या होत्या, तरी बसला. मग गाडी काढून पिंप्राळ्यास गेलो आणि पाना जीवरामच्या हातात दिला. रंग न देता. सोबत पावती, माझ्या अक्षरात: ‘बाणाची खूण असलेला एक पाना; ऑगस्ट १९४७ पासून आजपर्यंत माझ्या ताब्यात होता.’ खाली सही, हुद्दा, तारीख.

त्याने आधी दांड्यावर अंगठा टेकवून पाहिला. मग पावती वाचली, दोनदा. म्हणाला, “साहेब, यामा तुमनं नाव शे.”

म्हटले, पावतीत असावेच लागते.

फळीवर नऊची जागा रिकामी आहे.