अजून नाही, असं म्हणायला हवं होतं

बाबा, दादाच्या मुलीची हॉकीसाठी निवड झाली नाही. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी ती झाली. आता अकरा वर्षांची आहे, स्टिक धरायची पद्धत अगदी तुमच्यासारखी, आणि मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत घसरते. नोकरी सांभाळून मी शनिवार-रविवारी सकाळी दिल्लीच्या द्वारकेत आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर काही मुलींना हॉकी शिकवते, त्यातली ती एक. जिथे निवड व्हायची होती त्या अकादमीत मुली राहूनच शिकतात, आणि तिथला नियम असा की तेरा वर्षांच्या आत कधीही चाचणी द्या, पण एका मुलीला ती एकदाच देता येते. म्हणून दादाने मला विचारलं होतं, "ती बिल्कुल तयार आहे असं तू म्हणालीस तरच फॉर्म भरतो. मला हॉकीतलं काय कळतंय?" फॉर्मवर शिकवणाऱ्याची सही लागते. ती मी केली.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. जानेवारी आहे. ऑफिसातून येऊन, स्वेटरही न काढता, तुम्ही आईसोबत मटार सोलायला बसला आहात. मी अकरा वर्षांची, दारात उभी, हातात अशाच एका चाचणीचा फॉर्म. तुम्ही तो नीट वाचता, घडी घालून बाजूला ठेवता आणि म्हणता, "अजून नाही." आई म्हणते, "अहो, जाऊ द्या की पोरीला. काय होतंय?" "जे व्हायचं ते तिलाच होणार आहे," तुम्ही म्हणता आणि सोललेले चार दाणे माझ्या हातावर ठेवता. मी ते खाल्ले नाहीत. पुढच्या वर्षीही तुम्ही तेच म्हणालात, मग माझं वय निघून गेलं. कारण काय ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मीही रागापोटी विचारलं नाही. मैदानावर आम्हा मुलींना शिकवताना मात्र तुम्ही एकदा माझ्यावर ओरडला होतात, "माझ्याकडे काय बघतेस? चेंडू काय माझ्या तोंडावर आहे?" सगळ्या मुली हसल्या होत्या.

सही करण्याआधी दोन आठवडे मी तिला पारखत होते, तुम्ही पारखायचात तसंच. मूल ताजंतवानं असताना नाही, शाळेची परीक्षा देऊन दमून आलं की खेळवायचं. आणि चेंडू स्टिकजवळ असताना नाही, चेंडू हिरावला गेल्यावर ते काय करतं ते बघायचं. चेंडू पुढे नेण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण चेंडू गेला की ती क्षणभर थांबते आणि माझ्याकडे बघते. मी मान हलवली की धावते. एकदा मी मुद्दाम पाठ फिरवून उभी राहिले. थोड्या वेळाने वळून पाहिलं, तर ती होती तिथेच उभी. तुम्हाला माझ्यात काय दिसलं होतं, ते मला त्या सकाळी कळलं. तरी मी स्वतःला समजावलं की या वयात सगळीच मुलं बघतात, आणि दादाला फोन करून म्हणाले, "भर फॉर्म." तुमचे ते दोन शब्द माझ्या तोंडून निघू नयेत, एवढंच मला हवं होतं. त्यात ती कुठेच नव्हती.

चाचणीच्या दिवशी आम्हा सगळ्यांना जाळीबाहेर उभं केलं. आत कृत्रिम गवताचा निळा, ओला टर्फ, आणि मुलींच्या पाठीवर कागदी नंबर. सुरुवातीला ती इतकी छान खेळली की दादाने माझा हात घट्ट धरला. मग एका उंच मुलीने तिच्याकडून चेंडू काढून घेतला, आणि ती थांबली. जाळीकडे वळून गर्दीत मला शोधायला लागली. मी हात वर केला, तो तिला दिसला नाही. खेळ तिला ओलांडून पुढे गेला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. आत उभ्या असलेल्या, निवड करणाऱ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांच्या जागी मीही तेच लिहिलं असतं.

परतताना मेट्रोत ती म्हणाली, "यार आत्या, तू कुठे होतीस? मी किती शोधलं तुला." रडत नव्हती. "नेक्स्ट टाइम एकदम पुढे उभी राहा ना." पुढची वेळ नाही, हे तिला अजून कोणीच सांगितलेलं नाही. या शनिवारीही ती मैदानावर आली. चेंडू गेला की माझ्याकडे बघते, आणि मी मान हलवते. न हलवून बघितलं, मला जमलं नाही.

काय कमी पडलं, असं दादाने घरी आल्यावर विचारलं. "टर्फची सवय नव्हती," मी म्हणाले. "अच्छा," तो म्हणाला, "म्हणजे चूक माझीच. तिला कधी टर्फवर नेता आलं नाही मला." मी त्याला तसं समजू दिलं. बाबा, हे सगळं खरं तर त्याला सांगायचं आहे. तुम्ही उलटून काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.