पान एकवीसवरची चिठ्ठी

प्रिय प्रसेनजीत,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता लेकीकडून, पूर्णिमेकडून, लिहून घेतलाय. पोरीला बापाच्या लबाडीत सामील करायची ही पहिलीच वेळ.

शाळेच्या शताब्दीला तू आईला, शेवंताकाकूंना, घेऊन आलास आणि न जेवताच गेलास, त्याला आठ महिने झाले. तुझ्या आजोबांचं, धोंडीरामांचं, विद्यार्थी असतानाचं भाषण ऐकून तेव्हाच्या हेडमास्तरांनी इंग्रजीत चार शब्द लिहून ठेवले होते. त्यांत भाषणाला ‘पथेटिक’ म्हटलं होतं. स्मरणिकेसाठी भाषांतर मी केलं, ‘केविलवाणं भाषण’ असं छापलं, आणि वर मंचावरून खणखणीत वाचलंही. काकूंनी मान खाली घातलेली मला दिसली होती. तरी मी पान उलटलं.

मध्यंतरी पूर्णिमा म्हणाली, बाबा, श्लोकातल्या एका शब्दासाठी तीन टीका उघडता आणि इंग्रजीसाठी नुसता मोबाईल? मी तिला शास्त्र सांगू लागलो, तोवर ती ग्रंथालयातून शंभर वर्षांपूर्वीचा कोश घेऊन आली. त्यात अर्थ होता, मन हेलावून टाकणारं. तुच्छतेची छटा मागाहून आलेली. म्हणजे हेडमास्तर भारावले होते. कीव त्यांच्या तोंडी मी घातली. जुन्या अर्थावर खापर फोडून सुटता आलं असतं. पण ‘केविलवाणं’ लिहिताना माझं पेन जरासुद्धा अडखळलं नाही, त्याचं कारण कुठल्या कोशात नाही. तुझ्या आजोबांच्या जागी माझे, वरच्या आळीतले आजोबा असते, तर मी चौथी टीकाही उघडली असती.

तेव्हापासून दर रविवारी डिंकाची बाटली घेऊन घरोघर फिरतोय. स्मरणिकेच्या पान एकवीसवर दुरुस्तीची चिठ्ठी, खाली माझी सही. गारगोटीत माझा जुना विद्यार्थी बाळासो म्हणाला, “सर, च्या प्यायला आलासा का माझं पुस्तक चिकट करायला?” मग त्यानंच पान धरलं, चिठ्ठी मोठ्यानं वाचली, आणि बायकोला हाक मारून पुन्हा वाचली.

आता एकच प्रत उरली आहे, तुझी. येत्या रविवारी सकाळच्या रत्नागिरी गाडीनं मलकापूरला उतरतो. चिकटवायचं काम दोन मिनिटांचं. खरं तर काकूंसमोर बसून हेडमास्तरांचे ते शब्द, आता खऱ्या अर्थानं, पुन्हा वाचायचे आहेत, ज्या आवाजात चुकलो त्याच आवाजात. दार उघडलं नाहीस तर पायरीवरून वाचीन. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो हे तुला आपण नववीत एका बाकावर होतो तेव्हापासून ठाऊक आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ऐकू जाईल, आणि ते तर फारच बरं होईल.

तुझाच, अजून त्याच बाकावरचा,
उदयसिंह