ह्यांना ओढायला जागा

ता. ४ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,

आशीर्वाद द्यायचा असतो म्हणून देते. मनातून अजून निघालेला नाही, निघाला की वेगळा पाठवीन.

तुम्हाला कुणी सांगितलं होतं ह्यांना पेपरात घालायला? मला विचारलं नाहीत, ह्यांना विचारलं नाहीत. लाँड्रीत एका गिऱ्हाइकाचे शर्ट त्या पेपरात बांधून आले, आणि मालकीणबाई म्हणाल्या, अगं, हे तर तुझे मालकच दिसतायत. मला अक्षर लावत लावत वाचायला लागतं. त्यात दुपार गेली, एका शर्टाची कॉलर करपली. तुम्ही लिहिलंय की तुमचा थोरला भाऊ, जन्मभर गोदामाची राखण केलेला कामगार, दवाखान्यात एका सिगरेटसाठी झगडतोय आणि सिगरेटबंदीचा नवा कायदा त्याच्या छातीवर बसलाय. कायदा नाही बसलेला, भाऊजी. छातीवर काय बसलंय त्याची एक्स-रेची काच डॉक्टरांनी उजेडाला धरून मला दाखवली आहे.

आणि झगडतायत कुठे? तुम्ही भावाला ओळखता की नाही? कागदाच्या गोदामात आयुष्य गेलं, आत कधी काडी पेटवली नाही. तलफ आली की फाटकाबाहेर जायचं, रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या भिंतीला टेकून ओढायची, थोटूक पाण्याच्या डब्यात विझवायचं आणि परत यायचं. भर पावसातसुद्धा. साहेबानं आत पेटवली तर साहेबालाही बाहेर काढायचे. अशा माणसाला तुम्ही बंडखोर करून टाकलंत.

पुढचं ऐका. तुमचं वाचून कॉलेजातली मंडळी वॉर्डात आली. हातात पाट्या, त्यावर स्वातंत्र्य वगैरे. ह्यांच्या उशाशी सिगरेटची पाकिटं मांडली, फोटो काढले आणि गेली. शेजारच्या खाटेवर एक रंगारी आहे, आपल्या जावयाच्या वयाचा, नाकात नळी. त्यानं कधी सिगरेटला हात लावलेला नाही, रंगाच्या वाफेनं छाती गेली त्याची. त्या मंडळींच्या कपड्यांच्या वासानंच त्याला ढास लागली ती थांबेना. मोठ्या सिस्टर धावत आल्या, पाकिटं बघितली आणि सगळ्यांदेखत ह्यांना बोलल्या. दोन खाटांच्या मध्ये ऑक्सिजनची टाकी आहे, वॉर्ड पेटवायचाय का म्हणाल्या.  ह्यांनी नोकरीत कधी कुणाची बोलणी खाल्ली नव्हती. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून निजतात.

सिस्टरांची माफी मागणारं पत्र लिहा. तुमचं अक्षर छान आहे, त्याचा कुठेतरी उपयोग होऊ दे.

धाकट्या जावेची आणि तुमच्या पोरीची तब्येत कळवा. लोभ आहे, पण सध्या कपाटात ठेवलाय.

तुमची वहिनी


ता. ९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

शि. सा. न., आणि सोबत स्वतःचे दोन्ही कान धरले आहेत असं समजावं.

मोठ्या सिस्टरांना माफीचं पत्र आजच टाकलं. दादाला विचारायला हवं होतं, माझं चुकलंच. त्याला अशी सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली हे वाचून जेवण गेलं नाही.

पण मुद्दा चुकला असं मला अजूनही वाटत नाही. जन्मभर वर्गात बोलून सवय लागलीय, तेव्हा धाकट्या दिराचं एवढं ऐकून घ्या. बागेत बंदी, बसथांब्यावर बंदी, आता म्हणे स्वतःच्या घराच्या बाल्कनीतही बंदी. दुसऱ्याच्या नाकात धूर जाऊ नये, मान्य. पण उघड्यावर एकटा बसलेला म्हातारा कुणाचं काय वाकडं करतो? माणसाला चुकण्याचाही हक्क असतो, वहिनी. डॉक्टरांनी दम दिल्यावर मी सिगरेट सोडली, पण ती मी सोडली. कुणी माझ्या हातातून काढून घेतली नाही. मला म्हणायचंय ते एवढंच.

पहिला झुरका मारताना दादानंच मला पकडलं होतं, शाळेमागे. आधी कानफटात दिली. मग शेजारी बसून स्वतःची पेटवली आणि म्हणाला, बघ, ओढायची तर खोकून दुसऱ्याला त्रास न देता ओढावी. असा माणूस.

आमचा नवा व्हरांडा तुम्ही दोघांनी अजून पाहिला नाही. वेताच्या खुर्च्या घेतल्यात, समोर मोकळं मैदान, वारा तर असा की पेपर धरवत नाही. दादाला इथे आणून बसवावं, हातात एक द्यावी आणि कुणीही काही म्हणू नये, असं सारखं मनात येतं. बाकी आमच्या घरात गृहमंत्र्यांचं राज्य आहे. परवा आमच्या प्राचार्यांनासुद्धा फाटकाबाहेर उभं राहून ओढावी लागली. हसू नका.

लोभ कपाटातून काढावा, नाहीतर कसर लागेल.

आपला,
धाकटा दीर


ता. १६ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,

आशीर्वाद, ह्या खेपेला मनातून.

सिस्टरांना तुमचं पत्र पोचलं. त्या ह्यांच्याशी दोन शब्द बरे बोलल्या. पण ह्यांचं तोंड अजून भिंतीकडेच.

तुम्ही बाल्कनीच्या बंदीचं लिहिलंत. आमच्या इमारतीच्या सभेत त्या बंदीला मी हात वर केला होता. उद्या परत विचारलं तर परत करीन. आमच्या पोरीचं बाळ वेळेआधी आलंय, श्वास घेताना त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्या. खालच्या मजल्यावरचा दोन्ही वेळा बाल्कनीत उभा राहायचा आणि त्याचा धूर सरळ आमच्या खिडकीत. हक्काचं तुम्ही मला सांगता ते ठीक. एकदा रंगाऱ्याच्या बायकोला सांगून बघा. ती पंख्याखाली उभी राहून त्याच्या श्वासाबरोबर स्वतः श्वास घेते, तो थांबला की हीपण थांबते.

तरी एक केलं मी. ह्यांनी सिगरेट मागितली नव्हती. जन्मभर ह्यांच्या खिशातून काढून मोरीत टाकणारी मी, मीच आणली. घडी केलेल्या टॉवेलात घालून आणली. कपडे हातात घेतले की कोण ओढतो ते मला कळतं, म्हणून मला वाटलं आता सगळ्यांना माझा वास येईल. चाकाची खुर्ची मागून घेतली आणि मागच्या आवारात नेलं, जिथे चादरी वाळत घालतात. कुणी नव्हतं. दोन चादरींच्या मध्ये खुर्ची लावली आणि हातात दिली. बराच वेळ नुसती बोटांत धरून बसले, नाकाशी नेली. मी काडी पेटवली. तर हे समोर बघत होते. भिंतीवर पाटी होती, आवारात ओढायला मनाई. मला म्हणाले, विझव, हे आवारातच येतं. मी म्हटलं, कोण बघतंय. तर म्हणाले, गोदामात तरी कोण बघत होतं.

काडी माझ्या बोटापर्यंत आली तेव्हा टाकली. सिगरेट त्यांनी माझ्या हातात परत दिली, नीट, मोडू न देता.

बंदी बरोबर आहे, भाऊजी. आणि ह्यांना ती एक मिळायला हवी. दोन्ही मला एकदमच वाटतं, आणि दोन्हीचा मेळ कसा घालायचा ते तुमच्यासारखं शिकले असते तर कळलं असतं की काय, माहीत नाही.

डॉक्टर म्हणतात, आता इथे ठेवून करण्यासारखं काही नाही, घरी न्या, दिवस थोडे आहेत. घरी म्हणजे कुठे? एक खोली. पडद्याच्या पलीकडे बाळ. मी ह्यांना विचारलं, कुठे जायचंय. म्हणाले, धाकट्याच्या व्हरांड्यात. तुमचं पत्र मी अडखळत वाचून दाखवलं होतं, व्हरांड्यापाशी मला थांबवलं आणि तेवढं परत वाचायला लावलं.

मी बरोबर येईन. सगळं मी करीन, धाकटीला इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही. गाडी दवाखाना देतो. तुम्ही फक्त या म्हणा.

लोभ काढला कपाटातून.

तुमची वहिनी


ता. २१ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि.

चादरींचा प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आलं. दोनदा वाचला.

दादा माझ्या व्हरांड्यात बसावा याहून मला दुसरं काय हवं? परंतु थोडं सविस्तर लिहितो, गैरसमज नसावा. लेक परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी आहे आणि तिची खोली नेमकी व्हरांड्याला लागून. घरातले पडदे, गाद्या सगळं नुकतंच नवं केलंय, आणि धुराचा वास एकदा बसला की जात नाही, हे तर तुम्हीच जाणता. शिवाय तुमच्या धाकट्या जावेचा या बाबतीतला कडक स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच. घर म्हटलं की चौघांचा विचार करावा लागतो.

इथून जवळच एक शुश्रूषागृह आहे. बाग उत्तम. तिथे चौकशी करतो. आवारात ओढू देतात की नाही ते अजून विचारलेलं नाही. परीक्षा एकदा आटोपली की मग निवांत काहीतरी ठरवता येईल.

दरम्यान याच विषयावर दुसरा लेख लिहायला घेतलाय, माणसाच्या शेवटच्या दिवसांवर कुणाचा हक्क असा. दादाची ओळख कुठेही लागणार नाही याची काळजी घेतली आहे. खर्डा सोबत जोडला आहे. या वेळी आधी दादाला वाचून दाखवा, त्याचा होकार आला तरच छापायला देईन.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
धाकटा दीर


ता. २५ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,

आशीर्वाद. ह्या वेळी भांडण नाही, तेवढी ताकद उरलेली नाही.

तुमचा लेख मी ह्यांना वाचून दाखवला नाही. पत्रही नाही. ह्यांनी विचारलं, धाकट्याचं काय आलं. मी म्हटलं, टपाल अजून यायचंय. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, त्याला आता लिहू नकोस, मला नको आता सिगरेट, सवय मोडली. खोटं आहे ते. झोपेत दोन बोटं ओठांपाशी जातात. मी ती धरून खाली ठेवते, ती परत जातात.

रंगारी गेला. सकाळी खाट धुवून पुसून घेतली, दुपारी दुसरा आला. त्याची बायको जाताना ह्यांच्या खाटेशी थांबली. ती गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, माझ्यामुळे तर नाही ना गेला तो. मी म्हटलं, तुम्ही इथे कुठे ओढलीत, तो तुमच्या आधीपासून आजारी होता. तरी परत परत तेच विचारतात. त्या पाकिटांचं मनातून जात नाही.

धाकटीला मी काही म्हणणार नाही. तिचं घर आहे, तिच्या पोरीची छाती आहे. मी माझ्या नातवासाठी तेच केलं. ती नाही म्हणाली तर मला समजेल आणि मी तिच्यावर डूख धरणार नाही. पण तुम्ही तिला विचारलंत का? तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा लावून वाचलं. त्यात पडदे दिसले, गाद्या दिसल्या, परीक्षा दिसली, धाकटीचा स्वभाव दिसला. धाकटी नाही म्हणाली, असं कुठे दिसलं नाही.

आणि ओढतील की नाही हेसुद्धा मला माहीत नाही, भाऊजी. आता झुरका आत जायचा नाही. कदाचित नुसती हातात धरून मैदानाकडे बघतील. पण कुठलाही नियम न मोडता जिथे ती धरून बसता येईल, अशी एक जागा त्यांना हवी आहे, आणि ती जागा त्यांना तुमची वाटली. ती तुम्हीच लिहून पाठवली होती.

शुक्रवारी सकाळी खाट रिकामी करून द्यायची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ह्यांना खोलीत नेईन. पडद्याच्या अलीकडे हे, पलीकडे बाळ. हे खिडकीकडेसुद्धा बघणार नाहीत, मला माहीत आहे.

तुमचं उत्तर टपालानं यायला आता वेळ नाही. लाँड्रीच्या फोनवर सांगा, मालकीणबाई निरोप घेतील. आधी धाकटीला विचारा, मग सांगा. हो किंवा नाही. कारणं नकोत, लेख नको. गुरुवारी संध्याकाळी लाँड्री बंद होईपर्यंत मी फोनपाशी उभी असेन, तोवर उत्तर द्या.

तुमची वहिनी