नापास झाल्यावर येणारा फोन

२५ ऑक्टो. १९८६, साउथहॅम्प्टन
सांगलीहून वन्संचं पत्र. आमच्या मुक्ताला सहामाहीत गणितात शंभरापैकी अकरा. दोन वर्षांपूर्वी तिला वन्संकडे ठेवून आलो तेव्हापासून कायम पहिली. तिचा बाबा, शि., म्हणाला, "आत्ताच्या आत्ता फोन लाव." वन्संच्या शेजाऱ्यांकडे लावला, त्यांनी मुक्ताला बोलावून आणलं. चार मिनिटं नुसती रागावले. ती "हो, हो" म्हणत होती. मग हॉस्पिटलात ड्यूटीवर.

६ डिसें.
चाचणीत मराठीतही नापास. पुन्हा फोन, पुन्हा रागावणं. असंच चाललं तर चौथीचं वर्ष जाणार, असं बाई म्हणतात. शि.ला म्हटलं, इकडे आणू या. "फेब्रुवारीत इथलं काँट्रॅक्ट संपतंय, मग स्लाऊ, ऑगस्टनंतर देव जाणे. दर सहा महिन्यांनी शाळा बदलणार का पोरीची?" बरोबर आहे. त्याचं नेहमी बरोबरच असतं.

१७ जाने. १९८७
वन्संचं पत्र. बाईंनी मुक्ताला समोर बसवून तोच पेपर दिला. सगळी गणितं बरोबर. मग परीक्षेत कोरा का? तर म्हणाली, "पहिली आले की आईचं पत्र येतं. नापास झाले की फोन येतो." वन्सं लिहितात, पोरीला रागावू नकोस.
दोनदा वाचलं. कोटाच्या खिशात ठेवून राउंडला गेले. सात नंबरच्या खाटेवरच्या आजीबाईंनी विचारलं, "मुलंबाळं आहेत का गं, डिअर?" नाही म्हणाले. सोपं पडलं. रडू वगैरे काही आलं नाही.

१८ जाने.
शि.ला पत्र दाखवलं. बराच वेळ कप विसळत बसला. ठरलं, मार्क कसेही पडोत, फेब्रुवारीपासून दर रविवारी फोन. वन्संना तसं कळवलं.

१ फेब्रु., रवि.
उद्या स्लाऊ. खोकी बांधून झाली. फोन लावला. मुक्ता धापा टाकत आली. मी काही बोलायच्या आत, "आई, या वेळी मी काही नाही केलं गं. खरंच."
म्हटलं, सहज केला. जेवलीस का? हो. थंडी आहे का? नाही. पेशंटशी यापेक्षा जास्त बोलते मी.
"आई, मग थोडं रागाव ना."
रागावताही येईना. लाइन कटली.
एप्रिलमध्ये वार्षिक. पेपर लिहिशील ना, हे विचारायचं राहूनच गेलं.