अन्वी दिवाळीपर्यंत देऊळघाटला

७ सप्टेंबर, रविवार
बोलणं शिकवणाऱ्या वाचा-उपचाराच्या मॅडमनी रोज लिहायला सांगितलं आहे. बोलताना समोरचा माणूस थांबत नाही, वही थांबते. माझा नियम: शब्द आला नाही तर रेघ ओढायची. जवळचा दुसरा शब्द टाकायचा नाही.

संध्याकाळी देऊळघाटहून ताईंचा फोन, स्पीकरवर. ताई म्हणजे श्री.ची मोठी बहीण, माझी नणंद. "पोरगी मस्त रमली इथं. दिवाळीपर्यंत राहू द्या. तवरक प्रणालीचंबी बोलणं सुधरंल." श्री.नी माझ्याकडे पाहिलं. मला म्हणायचं होतं की आता तिला घरी आणू. 'आता' आलं. पुढचं आलं नाही. सासूबाईंनी पूर्ण केलं: "आता कायची घाई, असंच म्हणून राह्यली ती. राहू दे."
मी मान हलवली. थकले होते, पण हलवली हे खरं.

अन्वीचं नाव ताईंनीच ठेवलं, बाराव्या दिवशी, आत्या म्हणून. तेराव्या दिवशी माझ्या डोक्यात रक्ताची गाठ. तेव्हापासून माझे शब्द अडतात आणि ती ताईंकडे आहे. पंधरा तारखेला ती आठ महिन्यांची होईल. त्यातले तेरा दिवस माझ्याजवळ.

१० सप्टें., बुध.
जालना. मॅडमकडे चित्रांची ४० कार्डं. आजारपणाआधी बियाण्यांच्या लॅबमध्ये उगवणीची नोंद करायचे, तशीच शब्दांची करते. सा. म्हणजे सामान्य. असा. म्हणजे वेडंवाकडं उगवलेलं. ता. म्हणजे बी ताजं, जिवंत, पण उगवलं नाही. मे. म्हणजे मेलेलं. आज सा. २२, असा. ६, ता. १२. मे. अजून एकाही शब्दापुढे लिहिलेलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "नाव अडलं तर त्याचं काम सांगा. कुठे असतं, कशाचं असतं ते सांगा."
३१ वं कार्ड पाळणा. आला. पाळण्यावर टांगतात ते लाकडी पोपटांचं ———, ते कार्डावर नव्हतंच. तरी परतीच्या बसमध्ये आमचं गाव येईपर्यंत तेच शोधत होते.

१४ सप्टें., रवि.
किसणी हवी होती. "खोबऱ्याची चाळणी द्या" म्हणाले. सासूबाई: "माय वं, आता खोबरं चाळून खातं का आपण?" हसल्या. मीही हसले. मग खोबरं त्यांनीच किसलं आणि मला बसायला सांगितलं. बसले.

पाचला व्हिडिओ कॉल. अन्वी मोबाईल चाटत होती. मी 'अन्वी' म्हटलं. सा. तिने मान वळवून ताईंकडे पाहिलं.

२६ सप्टें., शुक्र.
मॅडमनी विचारलं, येत्या महिन्यात तुम्हाला कोणतं वाक्य लागणारच आहे? लिहून दाखवलं: दिवाळीनंतर अन्वी इथेच राहील. त्यांनी जास्त विचारलं नाही. डाव्या हाताने टेबलावर ठोका, एका ठोक्याला एक शब्द, वीस वेळा. मग ठोक्याशिवाय.

घरी श्री.ना म्हटलं, तुम्ही सांगा. बूट काढत होते. दुसरा बूट काढून झाल्यावर म्हणाले, "मी सांगतलं तं ताई म्हणंल, हा बोलून राह्यला, तिले पोरगी झेपत नाही. तुह्या तोंडून आयकलं का मंग ती काही म्हणणार नाही."
बरोबर आहे. ताईंच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यांच्या घरात पाळणा पहिल्यांदा टांगला तो अन्वीसाठी. हे श्री.ना माहीत आहे, मला माहीत आहे. कोणी बोलत नाही.

८ ऑक्टो., बुध.
कार्डं: सा. ३१. वाक्य एकटी असताना १० पैकी ९. सासूबाई समोर असताना १० पैकी ४.
माझं दूध आटलं ती तारीख आज आठवली. १६ फेब्रुवारी. कुठेही लिहिलेली नव्हती.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
ताई काल अन्वीला घेऊन आल्या. अन्वी माझ्याकडे तीन-चार मिनिटं राहिली, मग रडली. ताई लगेच उठल्या नाहीत. थांबल्या. मग उठल्या.

आज दुपारी ओवाळणं. श्री. पाटावर. ताईंनी कुंकू लावलं, दिवा फिरवला. श्री. म्हणाले, "साडी आणेल हाय, पण तुह्या मनातलं सांग वं ताई. काय देऊ?"
"साडी राहू दे. पोरगी होळीपर्यंत राहू दे माह्यापाशी. भाऊबिजेचं मागून राह्यली, श्रीकांत."
ओवाळणाऱ्या बहिणीला पाटावरून नाही म्हणायचं नसतं. सासूबाई म्हणाल्या, "देऊन टाक. प्रणालीलेबी आराम..."
मी म्हटलं, "दिवाळीनंतर अन्वी". पुढे ———. सगळे माझ्याकडे पाहत होते, त्यामुळे जे होतं तेही गेलं. मग म्हटलं, "नाही, ताई." दोन शब्द. दोन्ही सा.

ताटातला दिवा हललासुद्धा नाही. ताईंनी श्री.च्या तोंडात पेढा दिला. साडी घेतली, घडी न उघडता. म्हणाल्या, "बरं. मंग आठ दिवस मीबी राहते इथं. तिची सवय मोडस्तोर."
मी जिंकले असं कोणाच्या चेहऱ्यावर नव्हतं. माझ्याही नसावं.

२७ ऑक्टो., सोम.
पाळणा माळ्यावरून काढला. वर लाकडी पोपटांचं चिमणाळं टांगलं. शब्द आपोआप आला, कोणी सांगितला नाही.

ताई मला सगळं दाखवतात. भात किती मऊ, दूध किती कोमट, कोणत्या कुशीवर निजते. मी वहीत घेते. आज हसत म्हणाल्या, "तू लिवून घेतं तं मले कामावरून काढून राह्यल्यासारखं वाटते वं." मी पेन खाली ठेवलं. उरलेलं ऐकून लक्षात ठेवलं.

३ नोव्हें., सोम.
आठ दिवस शुक्रवारी संपले. शनिवारी ताई म्हणाल्या, उद्या जाते. काल म्हणाल्या, उद्या सकाळच्या चिखलीच्या गाडीने, तिथून देऊळघाट. आज ती गाडी गेली तेव्हा ताई अंगणात अन्वीला कोवळ्या उन्हात घेऊन बसल्या होत्या. दुकानात जाताना श्री.नी हळूच विचारलं, "मी म्हणू का ताईले?" म्हटलं, "मी म्हणते."

अकराला अन्वी उठली, रडली. मी पाळण्याजवळ, ताई दारात. ती दोघींकडे पाहत होती, आळीपाळीने. ताई म्हणाल्या, "घे नं तू." घेतलं. रडणं थांबायला चार मिनिटं. ताई दारातच, पदराला हात पुसत. हात कोरडे होते.

ताई, आता तुम्ही घरी जा. पाच शब्द. मनात म्हणून पाहिले, एकही अडत नाही. मॅडमसमोर म्हटले असते तर पाचही सा.

आता सव्वा वाजला आहे. पुढची गाडी पावणेदोनची. ताईंची पिशवी भरलेली आहे, खुंटीला आहे. ताई ओसरीवर अन्वीला भात भरवताहेत, एकेक घास फुंकून. मी इथे वहीपाशी बसले आहे.