अंगणातली पाटी

एडमंटन, डिसेंबर

ती. प्रभाताईस, धाकट्या शिवाजीचा नमस्कार (गुडघा वाकेल तेवढाच वाकून). तुझी शुगर कशी आहे? इथे उणे अठ्ठावीस आहे आणि त्याहून जास्त गारठा तुझ्या जयदीपच्या वागण्यात आहे. त्यात त्याची काही चूक नाही. गाढवपणा माझा.

त्याचं असं झालं. सरकारी विमा असलेल्या पेशंटकडून डॉक्टर जे वरचे पैसे घेतात, त्यावर मर्यादा घालायची का, यावर ऑक्टोबरात इथे लोकांचं मतदान घेतलं. (शेजारच्या अवनीकडे कुठल्याशा दवाखान्याने वार्षिक फी मागितली, तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं.) प्रचारवाल्यांनी दिलेली ‘डॉक्टरांची वरकमाई रोखा’ ही पाटी मी तावातावाने अंगणात ठोकली, ती नेमकी जयदीपच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. ताई, तुझी शपथ, जयू डॉक्टर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जयू म्हणजे आपला जयू, दर रविवारी रस्ता ओलांडून चहाला येणारा आणि बोलता बोलता माझं ब्लडप्रेशर, खोकला, झोप सगळं बघून जाणारा. (फुकट. आणि पाटी लावतो मी!)

आमची बाजू जिंकली. पाटी काढायला गेलो तर जमीन गोठलेली. आता एप्रिलपर्यंत ती काही हलत नाही. आणि जयूचा रविवारचा चहा बंद झाला. शेवटी रीतसर अपॉइंटमेंट घेऊन गेलो, गुडघा दाखवला आणि खोकल्याकडे वळलो, तर म्हणाला, “सॉरी मामा, वन इश्यू पर व्हिजिट. सगळ्यांना सेम रूल.” मला हवा होता तोच न्याय मला मिळाला. घरी येऊन रडलो, ताई, तुझ्यापासून काय लपवू.

काल पाटीच्या बुडाशी उकळतं पाणी ओतलं. त्याचा बघता बघता बर्फ झाला आणि त्यावर मी आडवा. जयू घरातल्या चपलांवर धावत आला, थेट तुझ्यासारखा ओरडला, गुडघा, खोकला, छाती सगळं तपासलं. चहा मात्र नको म्हणाला.

तुझा,
शिवाजी

ता. क. रविवारी मामाकडे जाऊन ये, असं त्याला फोनवर सांग. मी लिहिलंय हे बोलू नकोस.

आणखी एक. मला इथे मतदानाचा हक्कच नाही, नागरिकत्व अजून व्हायचंय. हक्क जयूला आहे. त्याने मत कुठल्या बाजूला दिलं ते काल पट्टी बांधताना कळलं. मर्यादेच्याच. “पाटी लावण्याआधी मला एकदा विचारायचं ना, मामा,” एवढंच म्हणाला.